गुणांची जागा कोरी

पूर्वतयारी या विषयात मला चार गोष्टी शिकवील असा मनुष्य देवासमध्ये नाही. हे मी गर्वाने म्हणत नाही, मोजून म्हणतो. पॉलिटेक्निकमधून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली, पस्तीस वर्षे ओतकामाच्या कारखान्यात साचे तपासले, आणि एकच गोष्ट हाडांत मुरली: लोखंड वितळण्यापूर्वी साचा तयार हवा! लोखंड वितळल्यावर साचा शोधत फिरणारा एक गृहस्थ मी प्रत्यक्ष पाहिला आहे. त्याचा उजवा बूट पुढे बरीच वर्षे आमच्या कारखान्याच्या दाराशी नव्या लोकांना धडा म्हणून टांगलेला होता.

त्यामुळे आमच्या घरी प्रवासाच्या पिशव्या आदल्या दिवशी नव्हे, आदल्या आठवड्यात दाराशी उभ्या राहतात. आमच्या सौभाग्यवती, विनोदिनीबाई, एकदा वैतागून म्हणाल्या, "अहो, एक दिवस तुम्ही माझ्या तेराव्याचीसुद्धा यादी करून ठेवाल!"

यादी केलेली होती. पण ती माझ्या स्वतःच्या तेराव्याची होती.

माझी दुसरी योग्यता म्हणजे टपाल तिकिटे. त्यांतही मी सगळे सोडून केवळ बॉक्सिंगची तिकिटे जमवतो. एकसष्ट देशांची दोनशे चौदा तिकिटे माझ्या संग्रहात आहेत. प्रत्येकाला क्रमांक, प्रत्येकाची नोंद. या अभ्यासातून मी काही निष्कर्षही काढले होते. उदाहरणार्थ, बॉक्सिंगमध्ये कोणाला फारसे लागत नाही. दोनशे चौदा तिकिटांपैकी एकावरही ठोसा प्रत्यक्ष बसलेला नाही. सगळे बसण्याच्या बेतात आहेत. दुसरा निष्कर्ष असा की, हा खेळ अत्यंत शांततेचा आहे.

आता माझी नात आरोही. वय वर्षे सोळा, वजन अठ्ठेचाळीस किलोच्या गटात बसणारे, आणि राग कोणत्याच गटात न बसणारा. गेली तीन वर्षे ती बॉक्सिंग शिकते. तिच्या वडिलांना, म्हणजे आमचे चिरंजीव मनन यांना, हे मुळीच पसंत नाही. या वर्षी त्यांनी निर्वाणीचे सांगितले, "धारच्या निवड चाचणीत जिंकलीस, तर राज्य शिबिराला जा. हरलीस, तर हातमोजे माळ्यावर आणि तू गणिताच्या शिकवणीत. मग रडायचं नाही."

"मंजूर!" आरोही म्हणाली.

चाचणीत तिची एकच लढत होती, धारच्या शिखाशी. तीन फेऱ्या, पाच पंच. जिंकणारी शिबिराला जाणार. एवढे सरळ प्रकरण होते. ते वाकडे मी केले.

झाले असे की, टपालखात्याची एक सुंदर योजना आहे: आपण आपले छायाचित्र दिले की ते तिकिटासोबत छापून मिळते, आणि ते तिकीट पाकिटावर रीतसर चालते. माझ्या मनात आले, एकसष्ट देशांच्या बॉक्सरांना मी अल्बममध्ये जागा दिली. माझ्या घरची बॉक्सर तेवढी तिकिटाविना का राहावी? मी आरोहीचे एक छायाचित्र निवडले. टोंकखुर्दच्या सराव शिबिरात तिच्या प्रशिक्षक मॅडमनी नुसत्या फोटोपुरता तिचा हात उंच धरला होता, ते. त्यात ती साक्षात विजेती दिसत होती! बारा-बाराची पाच पाने मागवली. एकूण तिकिटे साठ.

साठ तिकिटे म्हणजे साठ पाकिटे हे ओघाने आले. साठ पाकिटे म्हणजे साठ पत्रे. आणि विजयानंतर घरात आनंदीआनंद असताना साठ पत्रे लिहिणार कोण? लोखंड वितळण्यापूर्वी साचा! मी पत्र आधीच छापून घेतले:

"कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, आमची नात चि. आरोही हिने धार येथे संपन्न झालेल्या मुष्टियुद्ध निवड चाचणीत कु. शिखा हिच्यावर ____ गुणांनी विजय संपादन केला. आपले आशीर्वाद असावेत."

गुणांची जागा मात्र मी कोरी ठेवली. न घडलेल्या गोष्टीचा आकडा आधी लिहिणे माझ्या शिस्तीत बसत नाही!

पत्राला जावक क्रमांक दिला. खाली सही केली. आणि नोकरीत बोटांना जडलेली सवय सुटत नाही म्हणून, सहीखाली डाव्या बाजूस टंकित केले: "प्रत माहितीसाठी सविनय सादर: (१) मा. अध्यक्ष, निवड समिती, धार. (२) श्री. हंबीरराव, कु. शिखा हिचे प्रशिक्षक, धार." दुसरे नाव खेळाडूवृत्ती म्हणून. सगळी पत्रे पाकिटांत घातली, पाकिटे बंद केली, तिकिटे चिकटवली, गठ्ठ्याला रबर लावले. आता एवढेच उरले होते की, रविवारी निकाल लागला की पाकिटे उघडून आकडा भरायचा. बंद केलेली पाकिटे पुन्हा कशी उघडणार, याचा विचार मी केला नव्हता. पूर्वतयारीतही एखादी बाब सुटते.

मंगळवारी मी डोळे तपासायला इंदूरला गेलो. संध्याकाळी परत आलो, तर टेबल रिकामे!

"विनोदिनी, इथला गठ्ठा कुठे आहे?"

"टाकला की पेटीत. सकाळीच."

"कोणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात?" त्यांनी कपाटाचे दार उघडले. आत आमच्या घराच्या स्थायी सूचना चिकटवलेल्या आहेत. सत्तावीस वर्षांपूर्वी मीच टंकित केलेल्या. त्यांनी सातव्या सूचनेवर बोट ठेवले आणि शाळकरी मुलीसारख्या खड्या आवाजात ती वाचली: "'तिकीट चिकटवलेले पाकीट घरात रात्रभर राहता कामा नये.' खाली सही कोणाची आहे?"

सही माझीच होती. दिनांकासह.

मी पायांत चपला सरकवल्या आणि टपालपेटीकडे धावलो. माझ्या वयाचा मनुष्य धावतो म्हणजे लोक वाट देतात आणि कोण गेले म्हणून विचारतात. दोघांनी विचारलेही. पेटी तीन वाजताच रिकामी झालेली होती. मी तिच्या तोंडात डोकावून पाहिले. आत, माझ्या डोक्यातल्यासारखाच, अंधार होता.

गुरुवारी फोन सुरू झाले.

पहिला फोन धारहून, आमच्या पुतण्याचा, तरुणचा. तरुणचे सगळे शिक्षण हिंदीत. मराठी बोलतो फर्डे, पण छापील मराठी दिसले की पान उलटतो. "काका, बधाई हो! पत्रिका मिळाली. फोटो तर एकदम झक्कास! मुलगा काय करतो?"

"कोणता मुलगा?"

"अहो, आरोहीचा! 'चि.' लिहिलंय, 'आशीर्वाद' लिहिलंय, म्हणजे लग्नच ना? वरचं जास्त वाचलं नाही मी. पण काका, फोटोत हातमोजे का घातलेत? मुलाकडच्यांना चालतंय का?"

दुसरे आमचे शेजारी बापूसाहेब. फोन कशाला, ते पेढ्यांचा पुडाच घेऊन आले. आरोही दारातच उभी होती. त्यांनी तिच्या तोंडात पेढा कोंबला आणि म्हणाले, "जिंकलीस पोरी! नाव काढलंस!"

आरोहीने पेढा तोंडात तसाच धरला. वजन वाढेल म्हणून गेला महिनाभर तिने साखरेकडे पाहिले नव्हते. तिने माझ्याकडे पाहिले, बापूसाहेबांच्या हातातल्या पाकिटाकडे पाहिले, तिकिटावरच्या स्वतःकडे पाहिले. मग आत जाऊन पेढा टाकून आली आणि म्हणाली, "आजोबा, हे काय आहे?"

"बाळ, ऑलिंपिकच्या वेळी जगातले देश स्पर्धेच्या आधीच तिकिटं काढतात. ही मान्य पद्धत आहे."

"त्या तिकिटांवर जिंकणाऱ्याचं नाव असतं का?"

दोनशे चौदा तिकिटे माझ्या डोळ्यांपुढून झरझर गेली. एकावरही नव्हते.

"मी अजून रिंगमध्ये उतरलेच नाही, आणि तुम्ही मला जितवूनपण दिलं! आता हरले तर? बाबा हातमोजे ठेवतील माळ्यावर, ते ठीक. पण या साठ जणांना मी तोंड कसं दाखवू? पूरी जिंदगी लोक म्हणतील, ही ती तिकिटावर जिंकलेली!"

मनन यांनी वर्तमानपत्र खाली केले. "बाबा, मी तिला फक्त एक अट घातली होती. तुम्ही तर पूर्ण खानदान तिच्या डोक्यावर बसवलंत."

चूक झाली की दुरुस्ती करावी, हे यंत्रशाळेचे पहिले सूत्र. मी नोंदवही घेतली आणि एकेका नातलगाला फोन करू लागलो: "पत्रातील मजकूर अद्याप घडलेला नाही. लढत रविवारी, धार येथे, सकाळी अकरा वाजता आहे. कृपया गैरसमज नसावा." वेळ आणि ठिकाण सांगितल्याशिवाय सूचना अपूर्ण राहते, म्हणून ते प्रत्येकाला न चुकता सांगितले.

आणि प्रत्येकजण न चुकता म्हणाला, "अरे वा! म्हणजे बघायला येता येईल!"

रविवारी धारच्या त्या शाळेच्या सभागृहात आमचे चौतीस नातलग जमले होते. तरुणच्या घरच्यांनी तर लग्न नाही हे कळूनसुद्धा आहेर आणला होता. म्हणाले, आता आणलाच आहे तर राहू द्या. कोणी हार आणले, कोणी नारळ. सौभाग्यवतींनी निरांजनाचे तबक आणले होते आणि रिंगच्या दोरांमधून हात घालून त्या आरोहीला ओवाळू पाहत होत्या. पंच ओरडले, "माताजी, आग! आग!" आरोही कोपऱ्यात मान खाली घालून हाताला पट्ट्या गुंडाळत होती. तिच्या पट्ट्या गुंडाळण्याच्या वेगावरून मला कळले, पोरगी घाबरली आहे. तिला घाबरलेली मी पूर्वी कधी पाहिली नव्हती.

इतक्यात हंबीरराव आले. प्रकृतीने भक्कम, मिशा दोन्ही बाजूंना समान लांबीच्या, हातात एक पाकीट. ते त्यांनी मेलेला उंदीर धरावा तसे कोपऱ्याला धरले होते. त्यांच्यामागे निवड समितीचे अध्यक्ष नीलकंठराव, निवृत्त मुख्याध्यापक, चष्मा पुसत पुसत.

"उमाशंकरजी आपणच ना?" हंबीरराव म्हणाले. "हा शिक्का वाचा. देवास, मंगळवार! आज वार कोणता? रविवार! म्हणजे मंगळवारीच आमची शिखा हरली आणि आम्हालाच खबर नाही, भिया!" माळव्यात 'भैया'चा 'भिया' होतो, रागात तर हमखास.

मी पाकीट हातात घेतले. आणि येथे मला एक लाजिरवाणी गोष्ट कबूल केली पाहिजे. तो शिक्का अप्रतिम उमटलेला होता! दिनांकाचा आकडा न् आकडा स्वच्छ, शाई एकसारखी, आणि तिकिटाचा केवळ एक कोपरा स्पर्शलेला. असा शिक्का मिळावा म्हणून आम्ही संग्राहक आयुष्य घालवतो. माझ्या तोंडून निघून गेले, "वा!"

"देखो!" हंबीरराव सभागृहाकडे वळून गरजले. "खुश भी हो रहे हैं!"

"अहो, तसं नव्हे..."

"आणि हे काय? 'डॅश गुणांनी.' आकडा कोण भरणार होतं? पंच? सब सेट है, भिया, बस नंबर भरना बाकी है!"

पाचही पंचांनी माझ्याकडे असे पाहिले की, त्यांच्यापैकी कोणाला मी ओळखत नाही याचे मला प्रथमच दुःख झाले. ओळखीचा असता तर निदान एकाने तरी दया दाखवली असती.

नीलकंठराव हळू आवाजात म्हणाले, "मलाही प्रत आली आहे. आधी वाटलं, कोणी थट्टा केली. पण थट्टेच्या पत्रावर जावक क्रमांक नसतो." त्यांनी चष्मा चढवला. "आक्षेप गंभीर आहे. लढत होऊ दे. पण तुमचा आणि पंचांचा काही संबंध नाही, असा लेखी खुलासा माझ्या हातात आल्याशिवाय निकाल जाहीर होणार नाही. खुलासा आला नाही, तर लढत शिखाला. दोन ओळी पुरेत."

दोन ओळी! एका मुलीच्या तीन वर्षांच्या कष्टांचा आणि एका मनुष्याच्या चारित्र्याचा प्रश्न, आणि दोन ओळी? मी आरोहीकडे पाहिले. ती काही बोलली नाही. दातांत रबरी कवच होते, त्यामुळे बोलता येत नसावे, असे मी मनाला समजावले.

बाजूला खेळाच्या साहित्याची खोली होती. मी तेथे अडथळ्यांच्या शर्यतीतल्या, उलट्या ठेवलेल्या एका चौकटीवर कागद ठेवून बसलो. डावीकडे समास सोडला. विषय लिहिला, संदर्भ लिहिला. परिच्छेद एक: माझी पार्श्वभूमी. परिच्छेद दोन: तिकीट योजनेचे स्वरूप. कुठेतरी घंटा वाजली. शाळा आहे, वाजायचीच, असे वाटून मी पुढे लिहीत राहिलो. परिच्छेद तीन: स्थायी सूचना क्रमांक सात व तिचा ऐतिहासिक हेतू. बाहेर मोठा गलका झाला. येथे एक शब्द खोडावा लागला. खाडाखोडीचा खुलासा संशयास्पद दिसतो, म्हणून मी संपूर्ण पान पुन्हा स्वच्छ अक्षरांत उतरवायला घेतले. पुन्हा घंटा. पुन्हा गलका. परिच्छेद चारमध्ये मी नुकताच "तथापि" पर्यंत पोचलो होतो, तोच दार धाडकन उघडले.

"अहो, उठा!" सौभाग्यवती धापा टाकत होत्या. "झालं!"

"काय झालं?"

"सगळं! तिन्ही फेऱ्या! पोरगी तिथे हात देऊन उभी आहे, तुमच्या कागदासाठी!"

मी बाहेर धावलो. रिंगच्या मध्यभागी पंच उभे होते. एका हातात आरोहीचे मनगट, दुसऱ्या हातात शिखाचे. निकाल नीलकंठरावांच्या खिशात, आणि तो बाहेर काढायला माझा खुलासा हवा. आरोहीच्या एका नाकपुडीत कापूस होता. शिखाचा डोळा सुजला होता. म्हणजे या खेळात लागते तर! दोघी घामाने निथळत होत्या. पंचांचे खांदे अवघडून खाली आले होते. चौतीस नातलग आणि शिखाचे तेवढेच नातलग, सगळे माझ्याकडे पाहत होते.

मी तीन पाने नीलकंठरावांच्या हातात दिली. त्यांनी पहिले पान पाहिले, दुसरे पाहिले, तिसऱ्याच्या शेवटी "तथापि" पाहिले.

"तथापि काय?"

"ते अजून लिहायचं राहिलं आहे."

"साहेब," त्यांनी माझ्यापुढे ध्वनिक्षेपक धरला, "एका वाक्यात सांगा. या पोरी किती वेळ उभ्या राहणार?"

एका वाक्यात! आयुष्यात मी एका वाक्यात कधी किराणासुद्धा सांगितलेला नाही. मी आरोहीकडे पाहिले. आणि माझ्या तोंडून, कच्च्या मसुद्याशिवाय, निघून गेले:

"मी कोणाही पंचाला ओळखत नाही, नात जिंकणारच अशी माझी खात्री होती, आणि त्या खात्रीवर मी तिकीट चिकटवलं, हा शुद्ध मूर्खपणा माझा एकट्याचा आहे!"

मग हंबीररावांच्या मिशा हलल्या. दोन्ही बाजूंनी सारख्याच. "ये बात जम गई, भिया!" ते म्हणाले. "असा माणूस सेटिंग करूच शकत नाही. सेटिंगला अक्कल लागते. आक्षेप मागे!"

नीलकंठरावांनी खिशातून चिठ्ठी काढली. तीन विरुद्ध दोन. पंचांनी एक हात वर केला, आणि तो हात आरोहीचा होता!

चौतीस नातलग एकदम ओरडले. मनन यांनी वर्तमानपत्राची गुंडाळी हवेत फेकली, आणि ती तरुणच्या आहेरावर पडली. आरोही दोरांमधून वाकून थेट माझ्याकडे आली. मला वाटले, आता ही माझी उरलीसुरली अब्रू काढणार. तिने दातांतले कवच काढले आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही माइकवर मराठीत बोललात, शिखाला काहीच समजलं नाही. मी रिंगमध्येच सांगितलं तिला."

"काय सांगितलंस?"

"शेवटचं तेवढं."

देवासला परतल्यावर मी बापूसाहेबांकडे पेढे घेऊन गेलो. "बापूसाहेब, आरोही जिंकली!" ते म्हणाले, "हो, गुरुवारीच कळलं." त्यांनी पेढा घेतला, टीव्ही लावला. गल्लीत आणखी चार घरी गेलो; चारही ठिकाणी तेच! माझ्या नातीच्या आयुष्यातला सर्वांत मोठा विजय गावभर शिळा झालेला होता. लढतीचे वर्णन विचारले तर तेही मला सांगता येईना. ते विनोदिनीबाई सांगतात, हातवारे करून, आणि दुसऱ्या फेरीतला ठोसा प्रत्येक घरी थोडा मोठा होतो. मी एकदा म्हणालो, "पाय एवढे फाकत नाहीत, तांत्रिकदृष्ट्या." त्यांनी विचारले, "तुम्ही होतात का तिथे?"

सोमवारी दुपारी बागलीहून माझ्या आत्याचा, नर्मदाबाईंचा, फोन आला. ती आठवडाभर उदयनगरला लेकीकडे गेलेली होती; त्या दिवशीच परत आली आणि दाराच्या फटीतून आत पडलेले पाकीट तिने उघडले.

"उमा, आरोही काल जिंकली ना रे? उदयनगरलाच कळलं मला. आणि आज तुझं पत्र माझ्या हातात!" आत्याचा आवाज आनंदाने थरथरत होता. "बाकीच्या पोरांना महिनामहिना सुचत नाही. तू मात्र पहिल्यापासून असाच, वक्तशीर! फक्त गुणांचा आकडा तेवढा लिहायचा राहिलाय, बघ."

विनोदिनीबाई समोरच उभ्या होत्या, आणि त्यांना सगळे ऐकू येत होते.

"घाईत राहिला, आत्या," मी म्हणालो. "तीन-दोन लिहून घे."